महायुद्धात बॉम्बर विमानातून गेलेल्या आणि न परतलेल्या आजोबांची आठवण आता कशी जपावी?

तुमच्या प्रश्नात दोनच गोष्टी आहेत. आजीचा भाऊ १९४४ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर बॉम्बर विमानातून गेला तो आलाच नाही, आणि वाशीच्या घरात त्याचा गणवेशातला एक फोटो आहे. एवढं पुरेसं आहे. आमच्याकडे ठाण्याला याहून फार जास्त नव्हतं.

आधी तो फोटो भिंगाखाली धरा आणि छातीवरचा बिल्ला बघा. दोन्ही बाजूंना पंख असतील तर पायलट. एकच पंख असेल तर इतर कर्मचारी, आणि पंखाच्या मुळाशी गोलात अक्षरं असतात: एजी म्हणजे एअर गनर, एन म्हणजे नेव्हिगेटर, बी म्हणजे बॉम्ब टाकणारा. हे आधी करायचं कारण असं की घराघरांत अशा माणसाचा हळूहळू 'पायलट' होऊन जातो. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ (बाबांचं ऐकून आम्हीही त्यांना काकाच म्हणतो) नौपाड्यातल्या समस्त नातेवाइकांच्या तोंडी पायलट होते. प्रत्यक्षात ते वायरलेस ऑपरेटर आणि गनर. मागच्या सीटवरचे.

मला विचाराल तर मागची सीट समजून घेणं हीच खरी आठवण. तेव्हाच्या हिंदी हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, १९४४ मध्ये त्या आघाडीवर व्हेंजन्स नावाची अमेरिकी विमानं वापरत होत्या. एक इंजिन, दोन माणसं. याच्या पंखांची बसवणूक अशी होती की सरळ उडताना नाक उगाच वर राहायचं, पण बॉम्ब टाकायला बुडी मारताना विमान जवळजवळ उभं, दोरी सोडल्यासारखं सरळ खाली यायचं. दहा-बारा हजार फुटांवरून. पुढच्याला खाली लक्ष्य दिसत असतं. मागे तोंड करून मशीनगन धरून बसलेल्याला दिसतं फक्त वरचं आकाश. विमान कधी सावरायचं हे त्याच्या हातात नाही, त्याने पुढच्यावर विश्वास ठेवायचा. पेशावरला या विमानांचं प्रशिक्षण व्हायचं. तिथून आलेल्या काकांच्या पत्रात मात्र थंडी आणि जेवण एवढंच आहे, बाकी सेन्सॉरची काळी शाई.

आता शोध. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर मृतांची यादी फुकट शोधता येते. पण नावाने शोधत बसू नका, आपल्या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाच्या मर्जीवर होतं. मृत्यूची तारीख टाका, सेवा 'एअर फोर्स' निवडा, सेवेचा देश भारत. हिंदी हवाई दलाला 'रॉयल' हे बिरुद मार्च १९४५ मध्ये लागलं, म्हणून दलाचं नाव 'रॉयल'सकट आणि त्याविना, दोन्ही तऱ्हांनी पाहा. तारखेने शोधण्याचा मोठा फायदा म्हणजे त्याच दिवशीचं, त्याच स्क्वाड्रनचं दुसरं नावही समोर येतं. बॉम्बरमधला माणूस सहसा एकटा जात नाही. आमच्या काकांबरोबरचा पायलट दूरच्या प्रांतातला, वेगळ्या धर्माचा. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्याचं नाव एकदाही कुणी घेतलं नव्हतं.

ज्यांचा देह सापडला नाही अशा, दक्षिण आणि पूर्व आशियावर लढलेल्या हवाई दलातल्या माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. तिथे २४ हजारांहून अधिक नावं आहेत आणि वरचं छप्पर विमानाच्या पंखासारखं आहे. हुद्दा, धर्म पाहून कुणाला मोठी जागा, कुणाला छोटी असं तिथे नाही. आपल्याकडून सिंगापूरला सहली जातातच, त्यातली एक सकाळ काढता येते. (नातेवाइक स्वातंत्र्यानंतरच्या युद्धात गेला असेल तर शोध दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात. कॅनबेरा बॉम्बरवाल्या घरांनी हे जाणून घ्यावं की आपल्या बी-आय-५८ जातीत पायलटला संकटात विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट होती, नेव्हिगेटरला नव्हती.)

राहिला घरचा भाग. आमच्याकडे आलेल्या तारेत काका 'बेपत्ता' होते, पुढे काही महिन्यांनी 'मृत मानण्यात येत आहे' असं पत्र आलं. पणजी म्हणाली, "मानायचं ते सरकारने मानावं." ती असेपर्यंत श्राद्ध झालं नाही. तिच्यानंतर आजोबांनी भाद्रपद वद्य चतुर्दशीला सुरू केलं. कॅलेंडरात पाहा, त्या दिवशी 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' छापलेलं असतं, शस्त्राने गेलेल्यांसाठी तिथी आपल्याकडे मुळातच राखून ठेवलेली आहे. महालयाच्या तर्पणात शेवटी गुरू, आप्त, मित्र येतात. पायलटचं नाव मिळाल्यापासून बाबा तिथे ते घेतात. पहिल्या वर्षी गुरुजींनी गोत्र विचारलं. बाबा म्हणाले, "माहीत नाही, आणि त्यांच्यात नसतंही." गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग काश्यप म्हणा." गोत्र ठाऊक नसलं की काश्यप, हा जुनाच रिवाज. श्राद्धपक्ष करत नसाल तर करू नका, पण जेव्हा कधी त्यांचं नाव घ्याल तेव्हा बरोबरच्याचंही घ्या.

आणि फोटोच्या मागे हे सगळं लिहून ठेवा: नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन, तारीख, सोबत्याचं नाव. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. फोटो फ्रेममधून काढताना काचेला चिकटलेला दिसला तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करून घ्या.