'ईव्हन'ला जर्मनमध्ये नेमकं काय म्हणायचं?

शब्दकोशात 'ईव्हन'साठी 'झोगार' दिलंय, मग शिक्षिका निम्म्या वेळा ते का खोडतात, असं तुम्ही विचारलंय. माझ्याही वह्या याच शब्दापायी लाल व्हायच्या. शेवटी मी मधली इंग्रजीच काढून टाकली आणि वाक्य आधी मराठीत म्हणून बघायला लागलो. इंग्रजीत 'ईव्हन' एकच, पण मराठीत त्याचे 'सुद्धा', 'अजून', 'तरी' असे तुकडे पडतात. जर्मनमध्येही साधारण तिथेच पडतात.

'ईव्हन बिगर' म्हणजे अजून मोठं, म्हणून 'नोख ग्र्योसर'. 'तो अजून झोपलाय' यातलं 'अजून'ही 'नोख'च! 'ईव्हन सो' म्हणजे तरीही, 'ट्रॉट्सडेम'. पाऊस आला तरी जाईन, यात 'आउख वेन' किंवा 'झेल्प्स्ट वेन'. पाऊस होता तरी गेलो, यात 'ओपवोल'.

'झोगार' उरतं ते 'सुद्धा'साठी, आणि इथेच मराठी दगा देते. 'त्याने फोनसुद्धा केला नाही' यात नकार आला तरी आपलं 'सुद्धा' कायम, म्हणून आपण बेधडक 'झोगार निश्ट' लिहून मोकळे होतो. जर्मनला तिथे 'निश्ट आइनमाल' लागतं : 'एअर हाट निश्ट आइनमाल आन्गेरूफेन'. बोलताना नुसतं 'निश्ट माल'. मात्र 'आइन'वर जोर दिलात तर 'एकदाही फोन केला नाही' असा अर्थ होतो, तेव्हा जोर क्रियापदावर ठेवा.

दुसरा खड्डा जागेचा. आपलं 'सुद्धा' शब्दाच्या मागे चिकटतं. 'झोगार' आणि त्याच अर्थाचं 'झेल्प्स्ट' नामाच्या आधी येतात. 'झेल्प्स्ट डेअर शेफ' म्हणजे साहेबसुद्धा. मी सवयीने 'डेअर शेफ झेल्प्स्ट' म्हणालो आणि समोरच्याला वाटलं, साहेब जातीने आले होते. नामानंतरच्या 'झेल्प्स्ट'चा अर्थ 'स्वतः' होतो. ही चूक व्याकरणात बसते, त्यामुळे कुणी दुरुस्तही करत नाही.

'गेट ईव्हन'मध्ये यातलं काहीच चालत नाही. ते आपलं उट्टं काढणं. जर्मनमध्ये त्याला 'हाइमत्सालेन' म्हणतात; सुटे तुकडे पाहिले तर 'घरी' आणि 'पैसे चुकते करणे'.