डोह उपसावा का? मासे उन्हाळा कसा काढतात?

प्रश्न : आमची नदी फेब्रुवारीतच आटते. मे महिन्यात एकदोन डोह तेवढे उरतात. तरी मिरगाच्या पहिल्या पुरात मासे असतातच. चिखलात अंडी राहतात म्हणतात, ते खरं का? आणि उरलेला डोह उपसून मोसंबी जगवली तर चालेल का?

उत्तर : अंड्यांचं म्हणणं आपल्याकडच्या माशांना लागू नाही. रोहू-कटल्याची अंडी दिवसभराच्या आत फुटतात. वाळल्या गाळात ती पावसाची वाट बघत पडून राहत नाहीत. पुरातले मासे त्या डोहातूनच निघतात, नाहीतर वरच्या तलावातून वाहत किंवा खालच्या धरणातून चढत येतात.

मरळ, मागूर, शिंगी यांचं मात्र वेगळं आहे. कल्ल्यांखेरीज थेट हवेतून श्वास घ्यायची सोय त्यांच्या अंगात असते. डोहाकाठी पाच मिनिटं गप्प बसून बघा. गढूळ पाण्यातून मरळ वर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. मागे पाण्यावर एक वर्तुळ राहतं. अंग ओलं राहिलं तर ती ओल्या गाळातही काही काळ तग धरते. म्हणून गाळ काढायचाच असेल तर जेसीबीने सगळा तळ खरवडू नका, ओलीचा कोपरा सोडा.

रोहू-कटल्याला ही सोय नाही. 25 अंशांना लिटरभर पाण्यात 8 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 35 अंशांना 7 सुद्धा नाही. त्यातला बराचसा रात्रीतून शेवाळ आणि कुजका पालाच खातो. म्हणून मासे पहाटे वर येऊन आ वासतात. कुणी विष टाकलं या संशयावरून भावकीत भांडणं लागलेली मी पाहिली आहेत! अशा वेळी मोटार लावून डोहाचंच पाणी उंचावरून परत डोहात पाडा.

आता मोसंबी. एवढ्याशा डोहावर बाग मे काढणार नाही. त्यापेक्षा आळ्यात पाचटाचं जाड आच्छादन करा. उपसलंच तर कंबरभर पाण्याशी खुणेची काठी रोवा आणि तिथे मोटार बंद करा. फुटव्हॉल्व्हला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडच्या झडपेला, बारीक जाळी बांधा. फवारणीचा पंप डोहात धुऊ नका, सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक माशांना मारायला अगदी थोडंही पुरतं. विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

पाऊस लागल्यावर काठच्या गवतात तांबूस पिलांचा पुंजका दिसला, तर खाली मरळ राखणीला असते. तिथे गळ टाकू नका.