कॅन्सरच्या ‘लाईट’मागचं करिअर: नीट रिपीट करायची की बी.एस्सी. फिजिक्स?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘माझ्या सासूबाईंना गेल्या वर्षी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. पुण्यातच पंचवीस लाईट (रेडिओथेरपी, म्हणजे किरणांचा उपचार) बाहेरून आणि तीन वेळा आतून, अशी ट्रीटमेंट झाली. आता त्या बऱ्या आहेत. मुलगी तेव्हा बारावीला, ग्रुप पीसीएमबी. आजीबरोबर बहुतेक वेळा तीच जायची आणि वहीत सगळं लिहून ठेवायची. नीटचा स्कोअर सरकारी कॉलेजला पुरणारा नाही. रिपीटर बॅचची फी भरायची मुदत या आठवड्यात संपतेय आणि ही म्हणते, मला मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंय. यजमान म्हणतात, मुलीने रेडिएशनमध्ये काम करायचं, उद्या लग्न, मुलंबाळं आहेत. मादाम क्युरीसुद्धा त्यानेच गेल्या ना? आणि खरं सांगायचं तर, ज्याने कॅन्सर होतो त्यानेच तो बरा कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही. वहीची तीन पानं सोबत पाठवतेय.’

ताई, फी या आठवड्यात भरू नका. आधी त्या वहीबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच पाठवलंय.

तिसऱ्या पानावर तिने लिहिलंय: ‘आतली लाईट पहिली, ७ मिनिटं. आतली लाईट तिसरी, ८ मिनिटं. डोस तोच सांगितला. मग वेळ का वाढला? मशीन बिघडलं का?’ मशीन बिघडलेलं नव्हतं. आतून देतात त्या उपचाराला ब्रॅकीथेरपी म्हणतात. त्यात इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा तुकडा तारेच्या टोकाला बसवून गाठीपाशी नेतात, ठरलेला वेळ थांबवतात आणि परत मशीनच्या तिजोरीत ओढून घेतात. या इरिडियमचं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेत दोन आठवडे गेले, तेवढ्यात त्याची ताकद बारा टक्क्यांच्या आसपास उतरते. तेवढाच डोस द्यायचा तर जास्त वेळ थांबावं लागणार. ७ मिनिटांची ८ होतात. प्लॅन दर वेळी नव्याने होतो, त्यामुळे मिनिटं थोडी त्यानेही बदलतात. पण मुख्य हिशेब हाच. हे सूत्र तिच्या बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातच आहे. तिला म्हणावं, कागद घे आणि करून बघ.

हॉस्पिटलात हा हिशेब ज्याच्या सहीने होतो, तो मेडिकल फिजिसिस्ट. आजीला बरं वाटावं म्हणून सोबत जाणारी नातवंडं पुष्कळ असतात, मिनिटं लिहून घेणारी थोडी. मला हे पान तिच्या नीटच्या स्कोअरपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न. किरण पेशीत शिरले की त्यांचं खरं लक्ष्य असतं डीएनए. कधी ते थेट डीएनएवर आदळतात, पण बहुतेकदा पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यातून निघालेले तिखट रेणू डीएनए तोडतात. एकच धागा तुटला तर पेशी तो सहज जोडते. दोन्ही धागे एकमेकांजवळच तुटले की जोडणं अवघड होतं. अशी पेशी त्याच क्षणी मरत नाही. पुढे दुभंगायला जाते तेव्हा कोलमडते. कॅन्सरच्या पेशी भराभर दुभंगत असतात आणि त्यांची दुरुस्तीची यंत्रणा बहुधा आधीच अधू असते, म्हणून त्या जास्त मरतात. आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही मार बसतो, पण पुढच्या लाईटपर्यंत त्या बरीचशी दुरुस्ती उरकून घेतात. पंचवीस लाईट पाच आठवडे पसरायच्या त्या यासाठी. रोजचा डोस साधारण २ ग्रे (ग्रे हे शरीरात मुरलेल्या किरणांचं माप), म्हणजे एकूण ४५ ते ५० ग्रे.

हा आकडा किती मोठा आहे बघा. संपूर्ण शरीरावर एकदम ४ ग्रेच्या आसपास डोस बसला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं वाचत नाहीत. आणि त्या ४ ग्रेमधली ऊर्जा म्हणाल तर अंगाचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने वाढवण्याइतकीच. म्हणजे प्रश्न उष्णतेचा नाहीच, मार डीएनएवर नेमका कुठे बसतो याचा आहे. सासूबाईंनी त्याच्या दहापटीहून जास्त डोस पचवला, कारण तो रोज थोडा थोडा आणि फक्त ओटीपोटाच्या ठरलेल्या भागात दिला गेला.

किरणांनी कॅन्सर होतो कसा, तेही यातच आलं. एखादी पेशी मरत नाही, पण दुरुस्ती चुकीची करून जगते. तो चुकीचा डीएनए त्या पेशीच्या पुढच्या पिढ्यांत उतरत गेला तर बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. उपचारानंतर हा धोका थोडा राहतोच, डॉक्टर तो नाकारत नाहीत. साठीच्या आजींसाठी समोरचा कॅन्सर मोठा असतो. लहान मुलाच्या बाबतीत हाच तोल फार जपून पाहावा लागतो.

वहीतले बाकीचे प्रश्नही सोडत नाही, पण जागा कमी म्हणून थोडक्यात. ‘आजीचे केस गेले नाहीत, जुलाब मात्र तिसऱ्या आठवड्यात लागले.’ किरण जिथे देतात तिथेच परिणाम करतात, डोक्यावर दिलेच नव्हते. आतड्याचं अस्तर मात्र दर काही दिवसांनी नवं होत असतं. नव्या पेशी कमी पडू लागल्या की जुलाब लागतात, म्हणून ते पहिल्या दिवशी न लागता नंतर लागतात. ‘दहाला पाणी प्यायचं, लघवीला जायचं नाही, मग मशीनवर.’ मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बरीचशी बाहेर जातात. ‘हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्त चढवलं.’ ऑक्सिजन कमी पडलेली पेशी किरणांना सहज दाद देत नाही, तिला मारायला अडीच-तीन पट डोस लागतो. गाठीपर्यंत ऑक्सिजन पोचावा म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिनचा आग्रह धरतात. आणि गौरी-गणपतीत चार दिवस खाडा करते म्हणाल्यावर आजी डॉक्टरांचं बोलणं खाऊन आल्या, तेही बरोबरच झालं. या कॅन्सरमध्ये बाहेरून-आतून मिळून सगळी ट्रीटमेंट आठ आठवड्यांत संपवायची असते, नाहीतर उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. गौरी पुढच्या वर्षीही येतात.

आता यजमानांची भीती. तिला हसण्यात अर्थ नाही, तिला आकडे द्यावेत.

मादाम क्युरी १९३४ मध्ये गेल्या, अस्थिमज्जा निकामी होऊन, आणि त्यामागे किरणोत्सार असावा असं मानलं जातं. पण त्यांनी वर्षानुवर्षं रेडियम उघड्या हातांनी हाताळलं, पहिल्या महायुद्धात एक्स-रेच्या गाड्या घेऊन फिरल्या. डोस मोजायचा असतो ही कल्पनाच तेव्हा नीट रुजलेली नव्हती. आज रेडिओथेरपीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला डोस नोंदवणारा बिल्ला, असतो. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि नोंद नोकरी बदलली तरी माणसामागे जाते. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (माणसाला किरणांपासून असलेला धोका मोजायचं माप) अशी मर्यादा घातली आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३० ओलांडायचे नाहीत. जमीन, हवा, आकाशातून येणारे किरण यांतून जगभरात प्रत्येक माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतातच. नीट चालवलेल्या विभागात कर्मचाऱ्याचा आकडा २०च्या फारच खाली राहतो. लिनॅक, म्हणजे सासूबाईंना बाहेरून लाईट देतात तसं मशीन, दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या खोलीत असतं, चालू असताना आत फक्त पेशंट. बंद केलं की किरण संपले. जुन्या पद्धतीच्या कोबाल्ट मशीनचं तसं नसतं, त्यातला सोर्स कायम जिवंत असतो; त्याला जपावं लागतं.

मुलाबाळांचं. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या माणसांना नंतर झालेल्या मुलांचा कित्येक दशकं अभ्यास झाला आणि त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढल्याचं दिसलं नाही. स्फोटाच्या वेळी जी मुलं पोटात होती त्यांना मात्र त्रास झाला. म्हणून नियम असा, की कर्मचारी बाईने दिवस गेल्याचं कळवलं की उरलेल्या काळात बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये आणि कामाची वाटणी त्याप्रमाणे बदलायची. बायका या क्षेत्रात काम करतात, त्यांना मुलंही होतात. यजमानांना एखाद्या महिला फिजिसिस्टशीच बोलायला सांगा, माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

धोका मशीनपेक्षा निष्काळजीपणाचा असतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं उपकरण भंगारात गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं आणि एकाचा जीव गेला. असं होऊ नये म्हणून प्रत्येक रेडिओथेरपी केंद्रात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नेमणं सक्तीचं आहे. हे काम बहुतेक ठिकाणी मेडिकल फिजिसिस्टकडेच असतं. म्हणजे तुमची लेक ज्याला घाबरून मागे हटावी असं यजमानांना वाटतं, त्याच्यावर पहारा ठेवणं ही तिची नोकरी असेल.

वाटांकडे येऊ. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करणारा डॉक्टर, व्हायचं तर एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग नीट-पीजी, मग एमडीची तीन. रेडिओलॉजिस्ट वेगळा, तो निदान करतो. लोक दोघांची गल्लत करतात. ज्याला पेशंटशी बोलायचंय, तपासायचंय, वाईट बातमी सांगायची ताकद आहे, त्याने हा रस्ता धरावा. तिला खरोखर डॉक्टरच व्हायचं असेल तर रिपीट करायला माझी हरकत नाही. पण तुमच्या अख्ख्या पत्रात ‘मला डॉक्टर व्हायचंय’ हे तिचं वाक्य कुठेच नाही.

मेडिकल फिजिसिस्टच्या वाटेवर नीट लागतच नाही, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. बी.एस्सी. फिजिक्स, मग एम.एस्सी. फिजिक्स, मग होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, तो मुंबईत अणुशक्तिनगरला होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने तो १९६२ साली सुरू केला. दुसरा रस्ता थेट एम.एस्सी. मेडिकल फिजिक्सचा, कोल्हापूरला डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात हा कोर्स आहे. दोन्हीकडे वर्षभराची हॉस्पिटलमधली इंटर्नशिप करावी लागते आणि पुढे सेफ्टी ऑफिसरची पात्रता. सात वर्षं धरा. गणित सोडायचं नाही ही एकच कडक अट. सुदैवाने तिचा ग्रुप पीसीएमबी आहे.

काम कसं असतं ते ऐका. सकाळी पहिला पेशंट यायच्या आत फिजिसिस्ट मशीनचा डोस मोजून बघतो, तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर मशीन चालू करत नाही. मग दिवसभर कॉम्प्युटरसमोर. डॉक्टर सीटी स्कॅनवर गाठ आणि जपायचे अवयव आखून देतात. फिजिसिस्ट किरणांच्या दिशा आणि कुठून किती द्यायचे ते प्रमाण बदलत बसतो, गाठीला पुरेसं आणि आतड्याला कमीत कमी, असं जुळेपर्यंत. संध्याकाळी पेशंट संपले की पाण्याच्या टाकीत किरण मोजणारं चेंबर बुडवून मोजमापं, बऱ्याचदा रात्रीपर्यंत. पेशंट ‘थँक्यू’ डॉक्टरांना म्हणतात. फिजिसिस्ट कोण, हे बहुतेकांना कळतही नाही. ज्याला कौतुक लागतं त्याने विचार करून यावं.

तंत्रज्ञांची वाटही आहे, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीतली पदवी. आजीच्या पोटावरच्या खुणा लेझरला जुळवून त्यांना नीट झोपवणारे ते. नोकरी लवकर लागते, पण तुमच्या मुलीचा ओढा हिशेबाकडे दिसतो.

चौथी वाट संशोधनाची: किरणांनी तुटलेला डीएनए पेशी कशी जोडते, कुठली गाठ दाद देत नाही आणि का. त्यासाठी पुण्यासारखं गाव नाही. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारं एनसीसीएस आहे, आणि नवी मुंबईत खारघरला टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक. मात्र यात पीएच.डी.पर्यंत दम धरावा लागतो आणि निव्वळ रेडिओबायॉलॉजीच्या जागा मोजक्याच निघतात. तिने आयसरची परीक्षा दिली असेल तर निकाल बघा. नसेल तर त्यासाठी वर्ष घालवू नका.

माझं मत विचाराल तर या वर्षी एखाद्या चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. फिजिक्सला प्रवेश घ्या. फर्ग्युसन, एस. पी., मॉडर्न, जिथे मिळेल तिथे. अनुदानित जागेची फी रिपीटर बॅचपुढे किरकोळ आहे. ‘मुलगी नुसतं बी.एस्सी. करतेय’ असं सदाशिव पेठेतली आत्या म्हणेल, म्हणू दे. मार्क मात्र पहिल्या वर्षापासून सांभाळायचे, कारण डिप्लोमाच्या प्रवेशाला ते पाहतात. आणि पुढे कुठल्याही खासगी संस्थेत मेडिकल फिजिक्सला पैसे भरण्याआधी एईआरबीच्या मान्यताप्राप्त कोर्सच्या यादीत नाव आहे का आणि इंटर्नशिपच्या हॉस्पिटलात लिनॅक आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारायचे. गुळमुळीत उत्तर आलं की उठून यायचं.

दरम्यान, सासूबाईंच्या पुढच्या फॉलोअपला तिलाच पाठवा. ओपीडी संपल्यावर फिजिसिस्टना पंधरा मिनिटं मागायला सांगा, वही बरोबर न्यायला सांगा. एम.एस्सी. कुठे करायची हे तीन वर्षांनी ठरवू. तेव्हा लिहिताना मार्कशीटची झेरॉक्स जोडा.