सातवीच्या मुलांना मोबाइलवर खरं संशोधन करता येईल का?

येतं, पण प्रश्न मोजता येण्याजोगा हवा. उदाहरणार्थ, ‘रस्त्याचा आवाज कोणत्या वर्गात जास्त येतो?’ फायफॉक्स या मोफत ॲपमधला आवाजाची पातळी मोजणारा प्रयोग उघडा. रिकाम्या वर्गात, खिडकीपासून ठरलेल्या अंतरावर, एक मिनिट नोंद. वर्गांच्या तीन फेऱ्या कराच, कारण रहदारी सतत बदलते. डेटा एक्सेलमध्ये काढून आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा घ्या; डेसिबलची साधी सरासरी फसवी असते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गटागटाने वेगवेगळे फोन वापरल्याने. प्रत्येकाचा मायक्रोफोन निराळा, आकडे जुळतच नाहीत. एकच फोन फिरवा. कॅलिब्रेशन (खात्रीच्या ध्वनिमापकाशी फोनचे आकडे जुळवून घेणं) केलेलं नसेल तर शाळा-रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राच्या दिवसाच्या ५० डेसिबल मर्यादेशी तुलना करू देऊ नका. वर्गावर्गांतला फरक तेवढा वापरा. अंदाज मात्र मोजण्याआधीच वहीत लिहून घ्या.