बेळगाव-निपाणीकडच्या चूलवाल्यांनी एकत्र जमायचं तर तयारी काय लागते

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि पलीकडचे चंदगड-गडहिंग्लज इथले पंधरा-वीस जण चुलींच्या नादाला लागलेत. कुणाची रॉकेट चूल (उभ्या नळकांड्यातून जाळ वर ओढणारी) आहे, कुणाची डब्याची गॅसिफायर चूल (लाकडातून निघणारा वायू जाळणारी), एकदोघांकडे जुनी निर्धूर चूल अजून चालू आहे. आजवर नुसते फोटो झाले. आता एका रविवारी कुणाच्या तरी शेतात जमायचं, चुली पेटवायच्या आणि कुणाची बरी ते बघायचं. काय काय ठरवून ठेवावं?

पहिलं म्हणजे, लाकूड कुणीही घरून आणायचं नाही. एक जण वाळलेली बाभूळ आणणार, दुसरा ओलसर निलगिरी, तिसरा काजूची छाटणी, आणि मग जो फरक दिसेल तो चुलीचा की लाकडाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. यजमानाने एकाच वखारीतून, एकाच जातीचं, एकाच ढिगातलं लाकूड घ्यावं. सुबाभूळ किंवा बाभूळ चांगली. फूटभर लांब, अंगठ्याएवढं जाड चिरून दोन महिने तरी छपराखाली ठेवलेलं असावं. आठ चुली आणि प्रत्येकीच्या तीन खेपा धरल्या, एका खेपेला अर्धा-पाऊण किलो, तर पंचवीस किलोत भागतं. डब्याच्या चुलीसाठी त्याच लाकडाचे बोटभर लांबीचे तुकडे वेगळे करून ठेवा.

ओलावा मोजल्याशिवाय सुरुवात करू नका. ढिगातल्या चार-पाच लाकडांच्या ढलप्या काढून २०० ग्रॅम वजन करा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. १७२ ग्रॅम उरलं तर २८ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ओल्या वजनावर १४ टक्के. इथे हमखास घोळ होतो. दोन टाचण्यांचं जे मीटर मिळतं ते कोरड्या वजनावरचा आकडा दाखवतं, त्यामुळे हेच लाकूड त्यावर १६ दिसेल. कुणाचा आकडा कुठल्या पद्धतीचा ते वहीत लिहा. १० ते १५ टक्के चाललं, २० च्या वर गेलं तर त्या दिवशी नुसत्या गप्पा मारा, मोजमाप करू नका.

मोजायचं काय, तर पाणी उकळणं. सगळ्यांना एकच पातेलं वापरता आलं तर उत्तम, नाहीतर एकाच मापाची सात लिटरची ॲल्युमिनियमची पातेली घ्या. प्रत्येकात पाच लिटर पाणी, तेही एकाच पिंपातलं, झाकण न ठेवता. थर्मामीटरचं टोक तळापासून पाच सेंटिमीटर वर टांगलेलं असावं, तळाला टेकलं तर आकडा खोटा येतो. आणि १०० अंशांची वाट बघत बसू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९७.५ च्या आसपासच उकळतं. सकाळी आधी गॅसवर एक पातेलं उकळून त्या जागेचा आकडा बघून घ्यायचा आणि दिवसभर तोच धरायचा.

काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, दहा किलो क्षमतेचा लागतो. किराणा दुकानातला पन्नास ग्रॅमच्या टप्प्याचा काटा इथे निरुपयोगी. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवलं की काटा बिघडतो. त्यावर लाकडी पाट ठेवून शून्य करा, मग पातेलं. पाणी उकळलं त्या क्षणी वेळ लिहायची, जळती लाकडं बाहेर ओढून विझवायची, उरलेलं लाकूड, उरलेला कोळसा आणि पातेलं तिन्हींचं वजन करायचं. हे दोन मिनिटांत उरकायला हवं, म्हणून एका चुलीला दोन माणसं: एक जाळ बघणारा, एक वही-काटावाला. सहा ते आठ चुलींच्या वर जाऊ नका.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणाने सांगतो. २५ अंशांचं पाच लिटर पाणी ९७.५ ला नेलं, तर पाण्यात गेली १५१७ किलोज्यूल. वाफ होऊन १०० ग्रॅम पाणी उडालं, त्याचे २२६. एकूण १७४३. लाकूड जळलं ४०० ग्रॅम, किलोला १६ मेगाज्यूल धरले तर ६४००. पण ४० ग्रॅम कोळसा उरलाय, त्यात किलोला २९ मेगाज्यूलप्रमाणे ११६० शिल्लक आहेत, ते वजा केले की ५२४०. १७४३ भागिले ५२४०, म्हणजे चुलीची कार्यक्षमता ३३ टक्के. कोळसा वजा करायला विसरलात तर डब्याच्या चुलीवर सरळसरळ अन्याय होतो, कारण ती कोळसा मागे ठेवते हाच तिचा गुण आहे. तुलनेसाठी भारतीय मानक आयएस १३१५२ लक्षात असू द्या: पंखा नसलेल्या सुट्या चुलीला किमान २५ टक्के, पंख्याच्या चुलीला ३५. मात्र त्याच मानकातल्या धुराच्या मर्यादा शेतात तपासता येत नाहीत, त्याला प्रयोगशाळेतला धूर गोळा करणारा हूड लागतो. स्वस्तातलं हवेचं मीटर चुलीला चिकटवून ठेवलं तर आकडा शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. ठेवायचंच तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, सगळ्या चुलींसाठी सारख्याच अंतरावर, आणि तेही फक्त आपापसात तुलना करायला.

प्रत्येक चूल एकदा थंड असताना आणि लगेच दुसऱ्यांदा गरम असताना चालवा. आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच उघडा पडतो. जाड मातीचा लेप दिला की ऊब टिकते, म्हणून चार-चार बोटं माती थापतात. जड माती आणि पक्की वीट उष्णता अडवत नाही, पिते. पहिला अर्धा तास तुमचं लाकूड पाण्याऐवजी भिंत तापवतं. अडवते ती हवा धरून ठेवणारी हलकी वस्तू: राख, तुसाची राख, भुसभुशीत वीट. खानापूर भागात भातही आहे आणि कुंभारकामाची मातीही, त्यामुळे सामान शोधायला लांब जायला नको. चाळलेली माती आणि भाताचा तूस साधारण सम भाग मिसळून नळकांडं करा, सावलीत आठ-दहा दिवस वाळवा, मग भट्टीत भाजा. तूस जळून जातो, त्याच्या जागी पोकळ्या राहतात. उन्हात वाळवलं तर तडे ठरलेले. साध्या सिमेंटचा गिलावा आतून कधीही करू नका, तापून त्याचा भुगा होतो.

रॉकेट चुलीचं तत्त्व अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या अप्रोवेचो केंद्रात लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात मांडलं, आणि त्यातलं मुख्य एकच: धुराच्या वाटेचं क्षेत्रफळ कुठेही कमी-जास्त होऊ द्यायचं नाही. जळणाची वाट १० बाय १० सेंटिमीटर, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. २४ सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्याचा घेर साधारण ७५. शंभर भागिले पंचाहत्तर, तर पातेलं आणि भोवतीचा पत्रा यांत १३ मिलिमीटर फट. बहुतेक घरगुती चुलींत ही फट एकतर बोट शिरणार नाही इतकी असते (मग धूर पुढच्या तोंडातून येतो) किंवा मूठ जाईल इतकी (मग जाळ पातेल्याला न शिवता निघून जातो). बैठकीला व्हर्नियर नसला तरी स्टीलची पट्टी ठेवा आणि प्रत्येकीची ही फट मोजाच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तोंड लाकडांनी ठासून भरणं. तोंडात आडवी पत्र्याची पट्टी असते: लाकूड तिच्यावर, हवा तिच्याखालून. खालचा तिसरा भाग मोकळाच राहायला हवा.

डब्याच्या गॅसिफायरची तऱ्हा वेगळी. ती वरून पेटवायची, खालून थोडी हवा, वरच्या भोकांतून जास्त. जळण वरच्या भोकांच्या दोन-तीन बोटं खालपर्यंतच भरायचं. वर गेलं की धूर. भुसा भरला तर खालची हवा कोंडते. मक्याची बुरकुंडं तोडून घातली तर छान चालतात. मध्येच जळण टाकलं की ज्योत मरते आणि नुसता पांढरा धूर येतो, म्हणून एका भरणीत जेवढं होईल तेवढंच. ज्योत आखूड, निळसर झाली म्हणजे लाकूड संपून कोळसा जळायला लागला, तिथेच थांबून वजन करायचं. तो कोळसा विझल्यासारखा दिसला तरी पाणी ओतल्याशिवाय गाडीत किंवा खोलीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पत्र्याबद्दल एवढंच: आतल्या भागाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) नको, जस्त ४२० अंशांना वितळतं आणि त्याची वाफ नाकात जाते. रंगाचा डबा वापरला असेल तर आधी मोकळ्या जागी जाळून घ्या, बैठकीच्या दिवशी नव्हे. बिडाची जाळी हवी असेल तर उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांकडे विचारा.

उसाच्या पट्ट्यातले सदस्य पाचट घेऊन येतील. सुटं पाचट रॉकेटमध्ये भस्सकन पेटतं आणि संपतं, हिशेबाला येत नाही. त्याचा आधी कोळसा करून कांड्या पाडणं हा मार्ग पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने दाखवला, २००२ साली त्याला ॲशडेन हा ब्रिटनमधला ऊर्जा पुरस्कारही मिळाला. काजूच्या टरफलांना मात्र साफ नाही म्हणा, त्यातल्या तेलाचा धूर डोळे-घसा जाळतो.

जागा मोकळी, पण वारा अडवणारी. गवताची गंजी, पाचटाचा ढीग तीस फुटांच्या आत नको. चुली वाऱ्याला आडव्या ओळीत, दोन चुलींत सहा फूट. दोनशे लिटर पाण्याचं पिंप आणि वाळूच्या दोन बादल्या. चूल फरशीवर किंवा काँक्रीटवर थेट ठेवू नका, तापून कपचे उडतात, खाली विटा घाला. तुलनेला तीन दगडांची चूल जरूर मांडा, पण मलप्रभेतले किंवा घटप्रभेतले गोटे नकोत. आत ओल असते, तापले की फुटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. जूनपासून पुढे खानापूर-जांबोटीकडे लाकूड वाळतच नाही.

दुपारचं जेवण हीसुद्धा चाचणीच समजा. त्यासाठी घरी रोज चूल पेटवणाऱ्या दोन-तीन मावश्यांना आग्रहाने बोलवा, आणि वाढायला नव्हे, परीक्षक म्हणून. पाणी उकळण्यात पहिली आलेली रॉकेट चूल शाळूच्या भाकरीला बऱ्याचदा नापास होते. जाळ मधोमध एकवटतो, भाकरी मध्ये करपते, कडा कच्च्या. जाड लोखंडी तवा घेऊन तो आणखी सेंटिमीटरभर उचलला तर जाळ पसरतो. पण भाकरी फुगायला चुलीच्या तोंडाशी निखारे ओढावे लागतात, ते डब्याच्या चुलीत आतच राहतात. ठरलेल्या मापाच्या लाकडापेक्षा जाड ओंडका घातला तर काय होतं, मोठं भगुनं घोटताना चूल हलते का, हे त्याच सांगतील. सरकारच्या १९८० च्या दशकातल्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमात नेमकं हेच राहून गेलं: दुसऱ्या भोकावर भांडं नसायचं, नळी काजळीने बुजायची, जाड लाकूड जावं म्हणून तोंड फोडून मोठं केलं जायचं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या तेव्हाच्या अस्त्र (ASTRA) विभागाची तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) किंवा तशी बांधीव चूल ज्यांच्याकडे असेल, त्यांनी मोजमापांचा कागद आणावा: आतली मापं, जाळीपासून भांड्यापर्यंतचं अंतर, नळीचा व्यास. असा कागद सगळ्यांनीच आणला तर पुढच्या वेळी कुणालाही तीच चूल बांधता येईल. एका खेपेच्या आकड्यावरून पहिला-दुसरा नंबर काढू नका, जाळ घालणारा बदलला की त्याच चुलीचा आकडा बदलतो. म्हणून तिसरी खेप शेजाऱ्याच्या हातात द्या.

पुढची बैठक हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर घ्या. मालकाला आधी विचारा, काहील उतरायची वेळ टाळा, आणि चुलवाणात जळण टाकणाऱ्याच्या मागे उभं राहून चिपाडं किती वेळाने, किती मूठ पडतात ते घड्याळ लावून लिहा.