सीजीपीआय ६.२, दोन केट्या आणि ऑक्युपेशनल थेरपीचं मास्टर्स

वयाने लहान आहेस म्हणून एकेरीतच लिहिते. तुझा प्रश्न दोनदा वाचला. हर्णैची मुलगी, प्राणिशास्त्रात बीएस्सी, सीजीपीआय म्हणजे सरासरी गुणांक दहापैकी ६.२. दुसऱ्या वर्षी दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, कारण त्याच पावसाळ्यात बाबांना पक्षाघात झाला आणि घरात त्यांचं करणारं दुसरं कोणी नव्हतं. आता अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे आजारपणात अडलेली रोजची कामं माणसाला पुन्हा जमवून द्यायच्या उपचाराचं, मास्टर्स करायचं मनात आहे. एवढ्या गुणांवर अर्ज करावा की नाद सोडावा, आणि बाबांचं आजारपण अर्जात लिहिलं तर ती सबब वाटेल का, असं विचारतेस.

नाद सोडू नकोस. पण याच वर्षी घाईने अर्ज करून पैसेही घालवू नकोस.

मी देवगडकडची. रसायनशास्त्रात बीएस्सी, ५१ टक्के, तीन केट्या. पहिल्या वर्षी सहा ठिकाणी अर्ज केले, सहाही ठिकाणांहून नकार आला. पुढच्या वर्षी सात अर्ज केले. एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागलं, एका ठिकाणी प्रवेश मिळाला. मधल्या वर्षात माझे बीएस्सीचे गुण अर्ध्या टक्क्यानेही वाढले नव्हते. शिकून तिकडे सहा वर्षं काम केलं आणि आता कणकवलीत लहान मुलांबरोबर आणि पक्षाघात झालेल्या माणसांबरोबर काम करते. त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

आधी तुझं गणित. ६.२ ला ०.४ ने गुणून तू तिकडच्या चारच्या मापावर २.४८ काढलंस आणि बहुतेक ठिकाणी ३.० मागतात हे वाचून खचलीस. हे त्रैराशिक चुकीचं आहे. तिकडची विद्यापीठं आपली गुणपत्रिका डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून तपासून घेतात आणि त्या संस्था विषयवार गुण बघतात. आपल्याकडे ६० म्हणजे प्रथम वर्ग, तिकडे शाळेत ६० म्हणजे जेमतेम पास, हा फरक त्यांना माहीत असतो. तेव्हा विषयवार मूल्यमापन करून घे आणि मगच कुठल्या यादीत बसतेस ते बघ. शिवाय ३.० ची अट सगळीकडे एकाच अर्थाने नसते. काही ठिकाणी शेवटच्या ६० क्रेडिटची सरासरी बघतात, काही ठिकाणी फक्त आवश्यक विषयांची. तुझं तिसरं वर्ष चांगलं गेलंय म्हणतेस, मग शेवटच्या वर्षांकडे बघणाऱ्या जागा आधी शोध. माझी पहिल्या वर्षीची मोठी चूक हीच होती. नावाजलेल्या जागा निवडल्या आणि त्यांची मोजायची पद्धत वाचलीच नाही.

तुझी खरी अडचण गुणांपेक्षा दुसरीच आहे, आणि तिचा तुझ्या प्रश्नात उल्लेखसुद्धा नाही. बीएस्सीत तुझे आवश्यक विषय झालेलेच नाहीत. बहुतेक ठिकाणी अनॅटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग प्रयोगशाळेसह लागतात. त्याशिवाय स्टॅटिस्टिक्स, जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या वाढीचं मानसशास्त्र, ॲबनॉर्मल सायकॉलॉजी, आणि सोशिऑलॉजी किंवा अँथ्रोपॉलॉजी. कुठे मेडिकल टर्मिनॉलॉजीही मागतात. प्राणिशास्त्रातली बेडकाची आणि सशाची शरीररचना यात धरत नाहीत, मी विचारून झालंय. पण कमी गुणांच्या विद्यार्थ्याला याचा फायदाच होतो. जुनी सरासरी हलत नाही, हे विषय मात्र तू आता, मन लावून, चांगल्या गुणांनी करू शकतेस. निवड करणाऱ्यांना बघायचं असतं की ही मुलगी आज अनॅटॉमीचा अभ्यास झेपवू शकते का. मी दीड वर्षात पाच विषय केले, एका अमेरिकन कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात, रात्री जागून. ऑनलाइन प्रयोगशाळा सगळ्यांना चालत नाही, म्हणून पैसे भरायच्या आधी ज्या तीन-चार जागा मनात आहेत त्यांना मेल करून लेखी उत्तर घे. एका वेळी दोनपेक्षा जास्त विषय घेऊ नकोस. सगळ्या कॉलेजांचा अर्ज ज्या ओटीकॅस या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून जातो, तिथे पुन्हा दिलेल्या विषयाने आधीचा निकाल पुसला जात नाही, दोन्ही धरतात.

त्याच मेलमध्ये आणखी एक विचार: तीन वर्षांची भारतीय पदवी चालते का. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चार वर्षं हवीच असतात. नाही म्हणाले तर मानसशास्त्रात एमए हा चांगला मार्ग आहे, जिथे तुझ्या बीएस्सीवर प्रवेश मिळत असेल तिथे. वर्षं भरतात, मानसशास्त्राची तयारी होते आणि ताजे गुणही मिळतात.

आता बाबांबद्दल. तुझ्या प्रश्नाच्या अगदी शेवटी तू सहज एक वाक्य लिहिलंयस: बाबांचा उजवा हात आखडलाय, तरी आता ते जाळं शिवायला बसतात, कारण तू जाळ्याची कड पडवीच्या खिडकीच्या गजाला बांधून देतेस. हे वाचून मी थांबले. तू काय केलंस ते तुला कळलंय का? जाळं शिवायला दोन हात लागतात, एक ताण धरायला आणि एक सुई चालवायला. बाबांचा एक हात ताण धरू शकत नव्हता. तू ते काम खिडकीच्या गजाला दिलंस. डाव्या हाताला सुई दिलीस आणि उजव्याला फक्त जाळ्यावर टेकून राहायचं हलकं काम ठेवलंस. एखादं काम सुटं करून बघायचं, नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं आणि तेवढीच जागा बदलायची, हा या पेशाचा पाया आहे. कॉलेजात पहिल्या सत्रापासून हेच शिकवतात, ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस या नावाने. आणि आयुष्यभर तांडेल म्हणून बोट चालवलेल्या माणसाच्या हातात व्यायामाच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या न देता त्याचं स्वतःचं जाळं दिलंस, ही तर त्याहून पुढची समज आहे.

तुझ्या निबंधाची सुरुवात तिथून कर. पडवीतून, त्या गजापासून. 'लहानपणापासून मला रुग्णांची सेवा करायची आवड होती' असं लिहू नकोस. माझा पहिला निबंध असाच होता, आणि नाव बदललं असतं तर तो कोणाचाही झाला असता.

केट्यांबद्दल लिहायचंच, लपवायचं नाही. गुणपत्रिकेत प्रत्येक प्रयत्न दिसतो. मी पहिल्या वर्षी त्यांचा शब्दही काढला नव्हता, आणि एका प्रवेश अधिकाऱ्याने नंतर फोनवर सरळ सांगितलं की वाचणाऱ्याने मग स्वतःच कारण ठरवलं. तू चार ओळी लिही: त्या सत्रात काय झालं, कोणते दोन विषय राहिले, ते कधी सोडवलेस, त्यानंतरचे गुण काय. विशेषणं नकोत, 'दुर्दैवाने' नको. चार ओळींत संपलं की ती माहिती असते. दोन परिच्छेद झाले की सबब वाटायला लागते. आणि बाबांच्या आजारपणाची हकीकत त्या चार ओळींत कोंबू नकोस. ती जाळ्याच्या भागात आपोआप येते.

पुढे प्रत्यक्ष निरीक्षणाचे तास. बहुतेक जागा कुठल्यातरी ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर, म्हणजे ओटीबरोबर, बसून काम बघितल्याचे तास मागतात, कुठे २०, कुठे १००. आपल्या पट्ट्यात फिजिओ सापडतात, ओटी शोधावे लागतात, आणि फिजिओकडे बघितलेले तास यात धरत नाहीत. तेव्हा खेडहून कोकणकन्या पकड आणि मुंबईला जा. केईएम, सायन, नायर, हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, या सगळीकडे हा विभाग आहे. विभागप्रमुखांना आधी पत्र लिही, परवानगी घे, मग जा. केईएममध्ये गेलीस तर लक्षात ठेव, आपल्या देशातलं या विषयाचं पहिलं शिक्षण १९५० साली तिथेच कमला निंबकर यांनी सुरू केलं. मूळच्या अमेरिकन बाई, लग्न करून इकडच्या झाल्या. मला तिथल्या जिन्यावरून जाताना दर वेळी त्यांची आठवण येते.

तास भरायचे म्हणून बसू नकोस. वही ठेव. माझ्या वहीतली एकच नोंद सांगते. पन्नाशीच्या बाई, डावी बाजू गेलेली, ब्लाउज घालायचा होता. थेरपिस्ट शेजारी स्टुलावर बसली आणि हात मांडीवर ठेवून फक्त बघत राहिली. बाईंनी आधी चांगला हात बाहीत घातला आणि अडकल्या. मग काढला. थेरपिस्टने एवढंच विचारलं, 'आधी कुठला हात?' बाईंनी लुळा हात उजव्या हाताने उचलून बाहीत सरकवला, बाही खांद्यापर्यंत ओढली, मग दुसरा हात घातला. हुक लावायला सगळ्यात जास्त वेळ गेला. घड्याळात अकरा मिनिटं झाली. बाहेर त्यांची सून उभी होती, ती म्हणाली, 'मी दोन मिनिटांत घालते की रोज.' त्या अकरा मिनिटांवर मला मुलाखतीत तीन प्रश्न आले. गुणांवर एकच आला.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात, त्यातलं एक शक्यतो ओटीचं. आपल्याकडे सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तसं करू नकोस. पत्र देणाऱ्याला लिंक जाते आणि त्यांनी स्वतः ते भरायचं असतं. माझ्या एका सरांची लिंक स्पॅममध्ये पडून राहिली, मुदत गेली आणि तीन अर्ज अपुरे राहिले. सरांचा दोष नाही, मी समोर बसून ती उघडून घ्यायला हवी होती. तू तसंच कर. ज्या बाईंनी तुझी केटीची तयारी करून घेतली म्हणतेस, त्यांच्याकडून एक पत्र घे. तू पडलीस आणि उठलीस हे त्यांनी जवळून बघितलंय. हुशार मुलांना पत्रं देणाऱ्या विभागप्रमुखांपेक्षा त्यांचं पत्र तुझ्या जास्त कामाचं आहे.

वेळेचं गणित कोकणातल्या माणसाने वेगळं मांडायला हवं. ओटीकॅस साधारण जुलैच्या मध्याला उघडतं आणि बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसे जागा भरत जातात, म्हणून लवकर गेलेला अर्ज कमी गुणांच्या मुलाला फार उपयोगी पडतो. नेमका तोच आपला पावसाचा आणि गणपतीचा काळ. कॉलेज बंद, सर गावाला, गाड्या उशिरा. ट्रान्सक्रिप्टसाठी मुंबई विद्यापीठात कालिन्याला खेपा घालाव्या लागतात आणि केटीच्या प्रत्येक प्रयत्नाची गुणपत्रिका जोडावी लागते. हे सगळं शिमग्यानंतर लगेच हातात घे, मे संपायच्या आत संपव.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते, कारण घरात हे कोणी बोलत नाही. फी आणि राहणं धरून बहुतेक ठिकाणी आकडा अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिष्यवृत्त्या थोड्या असतात, आणि शेवटी किमान २४ आठवड्यांचं पूर्णवेळ फील्डवर्क असतं, त्याचे सहसा पैसे मिळत नाहीत. मास्टर्स आणि डॉक्टरेट दोन्हींनंतर तिकडे काम करायला लागणारी परीक्षा एकच, एनबीसीओटीची, म्हणून महागड्या डॉक्टरेटच्या मोहात पडू नकोस. जागेला एसीओटीईची, म्हणजे हे अभ्यासक्रम तपासणाऱ्या तिकडच्या संस्थेची, मान्यता आहे ना, एवढं मात्र स्वतः तपास. प्रवेशाचं पत्र हातात येईपर्यंत बोट किंवा घर गहाण टाकायचा विषय काढू नका.

आणि एक दार तू बघितलेलंच नाहीस. बारावीला पीसीबी होतं ना? मग नीट देऊन इथेच बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, करता येतं, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं. नीटला आता वयाची वरची अट नाही. महापालिकेच्या कॉलेजांची फी तिकडच्या तुलनेत फारच कमी आहे. पुढचं एमओटीएच, म्हणजे त्यातलं मास्टर्स, महाराष्ट्रात सीईटीच्या गुणांवर मिळतं, तिथे तुझे बीएस्सीचे ६.२ कोणी विचारणार नाही. तेविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षात बसायचं जिवावर येईल, हे मला समजतं. पण बाबांपासून एका रात्रीच्या अंतरावर राहता येईल, याचाही विचार कर. आज मला कोणी विचारलं तर मी दोन्ही रस्ते समोर ठेवून सहा महिने घेईन. नीटचा अभ्यास आणि एक ऑनलाइन अनॅटॉमी, दोन्ही एकमेकांना पूरकच आहेत.

निबंधाचा कच्चा मसुदा झाला की पाठव, मी वाचते. आधी मराठीत लिही. इंग्रजीत लिहायला बसलीस की 'सेवा' आणि 'आवड' परत येतील. बाबा पहिल्या दिवशी किती वेळ बसले, सुई कितीदा पडली, पहिली गाठ सुटली तेव्हा ते काय बोलले, तू गजाला दोरी किती उंचीवर बांधली होतीस आणि नंतर ती खाली का घेतलीस, हे सगळं त्यात असू दे.