अमेरिकेतले जपानी लोक आजही आपापल्या प्रांताच्या नावाने पिकनिक का भरवतात?

कारण तिथे त्यांचा पहिला आधार प्रांताचाच होता. हिरोशिमा, वाकायामा, कागोशिमा, ओकिनावा अशा भागांतून गेलेल्यांनी लॉस एंजेलिससारख्या शहरांत आपापली 'केनजिनकाई', म्हणजे प्रांतवार मंडळं काढली. नोकरी मिळवून देणं, अंत्यविधीला धावून जाणं, आपल्या भिशीसारखी 'तानोमोशी' चालवणं, सगळं तिथेच. पहिल्या पिढीला नागरिकत्व घेता येत नव्हतं (ते 1952 साली खुलं झालं), मग दुसऱ्या कुणाकडे जाणार?

वर्षातून एकदा सगळे बागेत जमायचे. तीच पिकनिक. घरून मुसुबी (भाताचे गोळे), इनारी सुशी (तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात), तेरियाकी चिकनचे डबे यायचे आणि मग शर्यती! धाकट्यांपासून आजी-आजोबांपर्यंत प्रत्येकाची वेगळी. बक्षिसं एकदम संसारी: तांदळाची पिशवी, सोया सॉस, पोरांना वह्या-पेन्सिली. करंडकापेक्षा हे केव्हाही बरं, असं माझं मत.

1942 मध्ये, जपानशी युद्ध सुरू असताना, राष्ट्राध्यक्षांच्या 9066 क्रमांकाच्या हुकुमानंतर जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार जणांना छावण्यांत डांबलं आणि लॉस एंजेलिसमधली 'लिटल टोकियो' ही जपानी वस्ती रिकामी झाली. सुटकेनंतर बरेच जण जुन्या वस्तीत परतलेच नाहीत, उपनगरांत पांगले. त्यामुळे पिकनिकचं मोल आणखी वाढलं, एरवी गाठ पडणार कुठे?

आता चौथ्या-पाचव्या पिढीतल्या अनेकांना जपानी बोलता येत नाही, लग्नंही बाहेर होतात. काही मंडळांकडे तरुण फिरकत नाहीत. पण शर्यत पळायला भाषा लागत नाही, त्यामुळे नातवंडं येतात.